राग : बाकी नऊ दिवस

विजयकुमार मगदूम यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, लायटरच्या खुंटीच्या जरा वर, एक हिरवी पट्टी सरकत होती. सरकत होती म्हणजे तसं मानायचं. गोगलगाय जशी सरकते, म्हणजे आपण बघत असताना नाही, तशी. पट्टीखाली स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं : 'पद्मजा – राग. बाकी नऊ दिवस.'

मगदूम पट्टीकडे बघत चहा ओतत होते. कपात गाळणं ठेवायचं राहून गेलं हे त्यांना चहापत्ती दातांखाली आल्यावर कळलं. गेला आठवडाभर त्यांचं असंच चाललं होतं. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, आणि उठले की आपण का उठलो ते आठवेना. वर्तमानपत्र उघडून त्यांनी तीन वेळा तीच हवामानाची बातमी वाचली होती, आणि तरीही बाहेर ऊन आहे की ढग हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

पद्मजा ही मगदूमांची बायको. ती रागावून माहेरी गेली होती. माहेर जयसिंगपूर. सांगलीहून जयसिंगपूर म्हणजे अंकलीचा पूल ओलांडला की आलंच. स्कूटरवर अर्धा तास, आणि वाटेत रसाच्या गाड्यावर थांबलं तर थोडा जास्त. पण राग संपायला नऊ दिवस बाकी असताना आज जाऊन करायचं काय? एसटी यायला तास आहे हे ठाऊक असताना थांब्यावर उन्हात ताटकळणारा माणूस त्या काळात महाराष्ट्रात उरला नव्हता. पट्टीत जी वेळ दिसेल त्या वेळेला लोक पोचत, आणि त्या वेळेला गोष्ट घडलेली असे.

या सुखाचे जनक स्वतः मगदूमच होते.

मगदूम विभागीय दप्तर संगणन केंद्रात यंत्रणा सांभाळत. जुने नकाशे, सातबारे, फेरफार, असं सगळं एका संगणकातून दुसऱ्यात हलवायचं, हे त्यांचं काम. काम संगणक करी. मगदूमांनी त्यासाठी आज्ञांची एक छोटी यादी लिहून ठेवलेली होती. अशा यादीला त्या धंद्यात शेल स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्ट चालू केली की माणसाला दुसरं काही करायचं नसतं, आणि म्हणूनच त्याला अस्वस्थ वाटतं. त्या अस्वस्थतेवर उपाय म्हणून मगदूमांनी पडद्यावर एक पट्टी टाकली. काम जितकं पुढे जाईल तितके चौकोन भरत जायचे.

ती पट्टी सुरुवातीला इतर सगळ्या पट्ट्यांसारखीच होती, म्हणजे खोटारडी. पहिले नव्वद टक्के भराभर व्हायचे आणि नव्व्याण्णवावर ती अशी बसायची की जणू तिला कुणी पाट मांडून दिलाय. केंद्राच्या संचालक डॉ. हेमांगी केळुसकर मागे येऊन उभ्या राहत. मगदूम म्हणत, "होतंय मॅडम." मॅडम जेवून येत. मगदूम म्हणत, "होतंय." आपल्याकडे हा शब्द फार जुना आहे आणि त्याच्या भरवशावर पिढ्या गेल्या आहेत. पण मगदूमांना त्याची लाज वाटू लागली.

दोष शोधायला गेल्यावर ते सापडत गेले. पहिला दोष असा की पट्टी वेळ मोजतच नव्हती, फायली मोजत होती. शंभरातल्या नव्व्याण्णव फायली चिठ्ठ्याचपाट्या आणि शंभरावी सबंध मिरज तालुक्याचा नकाशा. तर नव्व्याण्णव टक्के झालं म्हणजे खरं तर कामाला हातच लागलेला नसे. दुसरा दोष बारीक होता. वेळ मोजायला लागल्यावर स्क्रिप्ट दर खेपेस एक सेकंद झोपे, उठे, एक चौकोन काढे आणि पुन्हा झोपे. पण उठायला आणि चौकोन काढायलाही थोडा वेळ लागतोच की! तो कुणीच धरला नव्हता. प्रत्येक सेकंद असा केसभर लांबायचा आणि दिवसभरात त्याची चांगली जटा व्हायची. म्हणून मगदूमांनी स्क्रिप्टला झोपा मोजायचं बंद करायला लावलं. उठलीस की घड्याळ बघ, म्हणाले, आणि किती राहिलं ते नव्याने काढ. जी गोष्ट आई मुलाला दहावीच्या वर्षी सांगते ती मगदूमांनी यंत्राला सांगितली. यंत्राने ऐकली.

पण या दुसऱ्या दोषात एक मोठी गंमत दडलेली होती. पट्टी काढायला वेळ लागतो म्हणजे पट्टीमुळेच काम लांबतं. तर मग पट्टी *बघितल्यामुळे* काय होत असेल?

मगदूमांनी बारकाईने पाहिलं. पडद्यावर 'बाकी दोन तास' दिसलं की केंद्रातला जुना कारकून गुरव चहाला जायचा. त्याच्या सहीशिवाय पुढचा टप्पा सुटत नसे, त्यामुळे दोन तासांचे अडीच व्हायचे. 'बाकी दहा मिनिटं' दिसलं तर गुरव जागेवरच बसायचा आणि काम आठ मिनिटांत व्हायचं. म्हणजे आकडा दाखवला की तोच आकडा बिघडतो. खरी वेळ सांगायची असेल तर बघणारा माणूससुद्धा हिशेबात घ्यायला हवा.

इथून पुढचं गणित केंद्रातल्या मोठ्या यंत्रांनी केलं, पण कल्पना साधी होती. पट्टीने मनात एक आकडा धरायचा. तो दाखवला तर लोक कसे वागतील ते ताडायचं. ते तसे वागले तर काम केव्हा संपेल ते काढायचं. धरलेला आकडा आणि निघालेला आकडा जुळला तर तो दाखवायचा. नाही जुळला तर दुसरा धरायचा. जो आकडा दाखवल्यावर खरा ठरतो, तोच खरा. लोक कसे वागतील हे कळायला लोकांचे फोन होते, घड्याळं होती, आणि 'मला मान्य आहे' या चौकोनात लोकांनी न वाचता केलेल्या खुणा होत्या.

पट्टी चुकेनाशी झाली. आधी ती केंद्राबाहेर पडून कचेऱ्यांत गेली, मग दवाखान्यांत, मंगल कार्यालयांत आणि शेवटी घरांत. 'रेशनकार्ड : बाकी सत्तावीस दिवस' म्हटलं की सत्ताविसाव्या दिवशी कार्ड हातात. मधल्या दिवसांत कुणी खेटे घालीना आणि कुणी टेबलावर हात आपटीना. लोक सभांना भाषण पंच्याण्णव टक्के झाल्यावर येऊ लागले. वक्ते रिकाम्या खुर्च्या बघून गर्दी जमेपर्यंत भाषण लांबवू लागले. ते लांबवतील हे पट्टीने आधीच धरलेलं असे. डॉ. केळुसकरांना दिल्लीत शाल मिळाली. मगदूमांना केंद्राच्या आवारात झाड लावू देण्यात आलं.

घरगुती आवृत्ती निघाली तेव्हा मगदूमांनी ती सगळ्यांत आधी आपल्या घरी बसवली. 'कुकर', 'पाणी', 'पाहुणे' अशा पट्ट्या असायच्या. त्यात 'बोलणं' नावाचीही एक होती. ती मनगटावरच्या घड्याळात दिसे.

आणि तिथेच घात झाला.

पद्मजा मार्केट यार्डाच्या प्रयोगशाळेत हळद तपासत असे. हळदीत रंग किती आणि सत्त्व किती ते काढून द्यायचं, त्यावर सौद्यात भाव ठरायचा. त्या संध्याकाळी ती खुर्ची ओढून मगदूमांच्या समोर बसली आणि म्हणाली, "अहो, इरोडहून बोलावणं आलंय. तिथल्या हळद संशोधन केंद्रात. दोन वर्षांसाठी."

"तमिळनाडूत?" मगदूम म्हणाले.

"इरोड दुसरीकडे कुठं नाही. ऐका तरी. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तिथं नवीन वाणांवर काम आहे, आणि त्यांना गड्ड्याची पारख असलेलं माणूस हवंय, नुसतं यंत्र नको. मी दोन दिवस विचार करतेय..."

ती बोलत राहिली. हळू, अडखळत आणि अवघड जागेकडे जाताना माणूस बोलतो तसं. मगदूम खरंच ऐकत होते. पण हाताला खाज यावी तशी नजर घड्याळावर गेली. 'बोलणं : चौसष्ट टक्के.' पद्मजाने ते पाहिलं आणि ती थबकली. तिला धीर यावा म्हणून मगदूम म्हणाले,

"बोल की. अजून चारच मिनिटं आहेत."

पुढची चार मिनिटं पद्मजा बोलली. पण ती इरोडबद्दल बोलली नाही. बरोबर चौथ्या मिनिटाला बाहेरचं दार आपटलं. मगदूमांनी मनगटाकडे पाहिलं : शंभर टक्के. पट्टी चुकत नसे.

आज मंगळवार होता. इरोडला कळवायचं ते या शुक्रवारी. आणि राग निवायला नऊ दिवस, म्हणजे पुढचा गुरुवार. हे वजाबाकीचं गणित मगदूमांनी सकाळपासून अनेकदा केलं होतं आणि ते दर वेळी तसंच येत होतं. पद्मजा रागातच शुक्रवारी उत्तर कळवणार. त्या चौसष्ट टक्क्यांच्या पलीकडे तिला काय म्हणायचं होतं हे न म्हणताच कळवणार. मग पुढच्या गुरुवारी राग संपेल आणि ती शांतपणे बॅग भरेल.

त्यांनी फोन उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला. तेवढ्यात तो वाजला. पद्मजाचा भाऊ सुकुमार चौगुले बोलत होता. जयसिंगपुरात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि फोनवरही तो गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा ओरडून बोले.

"दाजी, काय चाललंय ओ तुमचं? येताय का न्हाई?"

"अरे, येणार आहे. पण अजून नऊ दिवस..."

"त्येच! ती पण हेच म्हणतीया. सकाळी आमच्या आईनं, आक्कानं इचारलं, बाई, नवऱ्याला फोन तरी कर. तर भिंतीकडं बोट दाखवून म्हणती, अजून नऊ दिवस राग आहे, आत्ताच कशाला करू? दाजी, रागावल्याली बाई जेवताना मागून भाकरी घेती काय? ही घेती. पण भिंतीवर राग हाय म्हणून हाय."

मगदूम भिंतीवरच्या पट्टीकडे बघत राहिले.

"दाजी? ऐकताय न्हवं?"

"सुकुमार, तुमच्या भिंतीवर पण तीच पट्टी आहे?"

"सगळ्यांच्याच हाय की. तुम्हीच लावली सगळ्या महाराष्ट्राला. आता इचारताय व्हय?"

फोन ठेवल्यावर मगदूम ओट्याला टेकून उभे राहिले. मग येरझाऱ्या घालू लागले. स्वयंपाकघर लहान होतं, त्यामुळे येरझाऱ्या दोन-दोन पावलांच्या पडत होत्या. म्हणजे, ते स्वतःशी म्हणत होते, ती पट्टी बघून थांबलीय. मी पट्टी बघून थांबलोय. आणि आम्ही दोघं थांबलोय म्हणून पट्टी खरी आहे.

त्यांनी चपला घातल्या आणि केंद्राकडे निघाले.

केंद्रात सगळं शांत होतं. कुणाला कसली घाई नव्हती, कारण कुणाच्याच पट्टीत आज काही संपणार नव्हतं. मगदूमांनी आपल्या पडद्यावर मूळ स्क्रिप्ट उघडली. आकडा धरायचा, ताडायचा, जुळवायचा. सगळं ठीक होतं. पण आकडा धरायचा म्हणजे पहिला आकडा कुठून धरायचा? ती ओळ मगदूमांनीच लिहिलेली होती, पहिल्याच दिवशी, डोकं न चालवता.

केंद्रात एक जुना रिवाज होता. मगदूम नोकरीला लागले त्या आठवड्यात गुरवने तो त्यांना शिकवला होता. साहेबाने 'किती वेळ लागेल?' विचारलं की खरा अंदाज दुप्पट करायचा आणि त्यात एक सुट्टी मिळवायची. लवकर संपलं तर शाबासकी मिळते आणि वेळेत संपलं तरी कुणी ओरडत नाही. केंद्रात हा रिवाज कुणी कुणाला समजावून सांगत नसे. तो हजेरीपटावरच्या सहीसारखा अंगात मुरलेला होता. मगदूमांनी स्क्रिप्ट लिहिताना पहिला अंदाज तसाच टाकला होता : नेहमीच्या वेळेची दुप्पट, अधिक एक सुट्टी. आता महाराष्ट्रातली प्रत्येक पट्टी आपला शोध त्या फुगवलेल्या आकड्यापासून सुरू करत होती आणि जुळणारं पहिलं उत्तर मिळालं की थांबत होती.

"मॅडम," मगदूम डॉ. केळुसकरांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "पट्टीत एक अडचण आहे."

"चुकली?" मॅडमनी चष्मा काढला.

"नाही, चुकत नाही. पण खरी उत्तरं एकापेक्षा जास्त असतात. रेशनकार्ड सत्तावीस दिवस म्हटलं तर कारकून सत्तावीस दिवस लावतो. तीन दिवस म्हटलं असतं तर त्याने तीन दिवसांत दिलं असतं. दोन्ही खरं झालं असतं. आपली पट्टी वरून खाली शोधत येते, त्यामुळे तिला आधी मोठं उत्तर सापडतं."

"सरकारी आहे. मोठंच सापडणार."

"मॅडम, शून्यापासून शोध सुरू केला तर सगळीकडे लहान उत्तरं निघतील. एक ओळ बदलायची आहे."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. मगदूमांनी लावलेलं झाड तिथे होतं. त्याला अजून आधाराची काठी लागत होती.

"मगदूम, लोकांनी लग्नाच्या तारखा या पट्टीवर काढल्यात. बदल्या या पट्टीवर झाल्यात. उद्या सकाळी सगळे आकडे एकदम बदलले तर काय होईल? ती अचूक आहे. चालू आहे. तिला हात लावू नका." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"होतंय मॅडम," मगदूम म्हणाले.

ते जागेवर परत आले. सगळ्या राज्याची पट्टी बदलायला परवानगी लागत होती. पण एका घराची चाचणी घ्यायला लागत नव्हती. त्यांनी आपलं घर निवडलं, पहिल्या अंदाजाच्या जागी शून्य लिहिलं आणि शोध सुरू केला. पडदा क्षणभर चाळवला.

'पद्मजा – राग. बाकी चाळीस मिनिटं.'

मगदूम खुर्चीत पुढे सरकले. चाळीस मिनिटं म्हणजे स्कूटर काढायची, अंकलीचा पूल ओलांडायचा, आणि दारात उभं राहायचं. हा आकडा दोन्ही भिंतींवर दाखवला तर तोही खरा ठरणार होता. एक कळ दाबायची, की जयसिंगपुरात पद्मजा भिंतीकडे बघेल, म्हणेल, हं, संपत आला की राग, आणि मगदूम पोचेपर्यंत तो खरोखर संपलेला असेल. पट्टी चुकत नाही.

बोट कळीवर गेलं. उचललं गेलं. परत गेलं. त्यांनी हात मांडीखाली घातला, म्हणजे तो काही करणार नाही. पण पाय हलायला लागला.

तिचा राग आपण असा संपवायचा? भिंतीवर लिहून? एवढी वर्षं पद्मजा रागावली की भांडी आपटायची, दोन दिवस एकाक्षरी बोलायची आणि मग कधीतरी अचानक म्हणायची, "ते तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना..." आणि मग मुळाशी असलेली गोष्ट बाहेर यायची. रागाच्या वाटेनेच ती तिथवर येत असे. वाटच पुसली तर राग जाईल, पण ती गोष्ट तशीच आत राहील. ती हसून दार उघडेल, चहा करेल. आणि शुक्रवारी जे कळवायचं ते कळवेल.

त्यांनी कळ दाबली नाही. पडदा तसाच सोडून ते स्कूटरच्या तळाकडे जवळजवळ धावत गेले. गुरव दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, एवढी घाई? कशाची पट्टी भरलीय?"

"कशाचीच नाही," मगदूम म्हणाले, आणि किक मारली. स्कूटर विजेवर चालणारी होती, तिला किक नव्हती. पाय हवेत गेला. गुरवने विचारपूर्वक दुसरीकडे बघितलं.

अंकलीच्या पुलावर त्यांच्या मनगटावरची पट्टी थरथरली. 'बाकी नऊ दिवस' मधला नऊ गेला, आठ आला, परत नऊ आला, आणि मग तिथे काहीच उरलं नाही. मगदूमांनी असं कधी पाहिलं नव्हतं. पट्टीने आकडा बघणारा प्रत्येक माणूस हिशेबात धरलेला होता. पण एकाच रागाचे दोन आकडे पाहिलेला आणि त्यातला कुठलाच न पाळणारा माणूस तिने धरला नव्हता, कारण तोवर असा माणूसच नव्हता. खाली कृष्णा होती. ती कुठल्याही पट्टीशिवाय वाहत होती, पण मगदूमांना त्या वेळी नदीकडे बघायला फुरसत नव्हती. परत फिरावं का? निदान पुढे काय होणार ते कळेल तरी. परत फिरायला पुलावर जागा नव्हती. मागून उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता.

चौगुल्यांच्या घरी सोप्यावर पद्मजाची आई, म्हणजे आक्का, सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"पावणं! आज कसं काय?" त्या म्हणाल्या. "अजून नऊ दिवस व्हते न्हवं?"

आत टेबलाशी पद्मजा लॅपटॉप उघडून बसली होती. तिने वर पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि मग परत मगदूमांकडे.

"राग आहे अजून मला," ती म्हणाली.

"असू दे."

"नऊ दिवस आहे."

"असू दे की. रागातच बोल. मी ऐकायला आलोय."

"ऐकायला?" पद्मजा उठली. "घड्याळ आणलंय का? बघा तरी, किती टक्के झालंय! तुमचा तो सर्व्हर पडला तेव्हा सबंध दिवाळी तुम्ही सर्व्हरबद्दल बोलत होता. मी फराळाची ताटं भरत ऐकलं ना? कधी म्हटलं, चला, अजून चारच मिनिटं? तुमच्या आईच्या ऑपरेशनला दवाखान्याच्या बाकावर तुम्ही रात्रभर एकच वाक्य बोलत होता, तेव्हा मी मोजलं?"

"नाही."

"नाही म्हणजे? पुढे बोला काहीतरी!"

"काय बोलू? तू म्हणतेस ते खरंय."

भिंतीवरची पट्टी याच वेळी विझली. आधी आकडा गेला, मग हिरवा रंग. मागे नुसता चुना राहिला.

"लाईट गेली व्हय?" बाहेरून आक्का म्हणाल्या.

"नाही, पंखा फिरतोय," पद्मजा म्हणाली, आणि बोलत राहिली. पट्टी नसल्यामुळे राग किती उरलाय हे तिलाही कळत नव्हतं, त्यामुळे तो हात आखडता न घेता होत होता. मध्येच मगदूमांचा फोन वाजला. पद्मजा म्हणाली, "घ्या. घ्या, कचेरीच असेल."

"मगदूम," डॉ. केळुसकर म्हणाल्या, "राज्यात एका ठिकाणी पट्टी चुकली आहे."

"हो मॅडम."

"जयसिंगपूर दिसतंय."

"हो मॅडम. मी तिच्यासमोरच बसलोय."

"मग बघा जरा काय झालंय ते."

"तेच बघायला आलोय," मगदूम म्हणाले, आणि फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, बंद केला. पद्मजाने ते पाहिलं. ती खुर्चीवर बसली. राग संपलेला नव्हता, पण दम लागला होता.

"मी जाऊ का, असं विचारत नव्हते मी त्या दिवशी," ती म्हणाली. "जाणार आहे. माझं ठरलंय. सौद्यात हळद आली की रंग बघायचा, आकडा लिहून द्यायचा, भाव निघतो, पोतं जातं. तो गड्डा असा का झाला, हे मला कधी कुणी विचारलं नाही. ते विचारायची जागा मला मिळतेय. आता नाही गेले तर मग मी पेन्शनीतच जाईन."

"बरं."

"बरं काय? पुढचं राहिलंय."

मगदूम थांबले. पद्मजाने लॅपटॉपचं झाकण खाली केलं, परत वर केलं. बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. किती वेळ जाणार होता कुणास ठाऊक. मगदूमांची नजर सवयीने भिंतीकडे गेली. तिथे काही नव्हतं. मनगटाकडे गेली, तिथेही नव्हतं. त्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलून ही शांतता पुढे ढकलावी. तोंडाशी आलेले तीन शब्द त्यांनी गिळले. चौथा गिळताना ठसका लागला.

"तुम्ही याल का, एवढंच विचारायचं होतं," पद्मजा म्हणाली.

"केंद्राचं काम तिथून करू देतील का, मला माहीत नाही," मगदूम म्हणाले. "सोडलं तर पुढे काय, तेही माहीत नाही. तमिळ तर..."

"सगळं सांगून झाल्यावर सांगा."

"झालं."

पद्मजाने त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत, जरा वैतागून, घरातल्या एखाद्या बारीकशा अडचणीबद्दल बोलावं तशी ती म्हणाली, "तिथं शाळूची भाकरी मिळत नाही. मी चौकशी केलीय. आणि तुम्ही दोन दिवस सलग भात खाल्ला की तिसऱ्या दिवशी घरात बोलायची सोय राहत नाही."

"पीठ घेऊन जाऊ," मगदूम म्हणाले.

सोप्यावर शेंगा फुटायच्या थांबल्या.

"किती?" पद्मजाने विचारलं.

"ते तिथं संपायला लागल्यावर कळेल," मगदूम म्हणाले.

आक्का कमरेवर हात ठेवून उठल्या आणि शाळूची कणगी बघायला आत गेल्या.